संयुक्त सरावात तोफेवर काय काय करावं लागतं

दोन-चार देशांचं सैन्य एका फायरिंग रेंजवर एकत्र आलं की बाहेर फोटो जातात ते शेवटच्या दिवसाचे. मांडवात पाहुणे, समोर ओळीने तोफा, एकदम सुटलेली फैर आणि डोंगरउतारावर उठलेली धूळ. तोफेवरच्या माणसाला विचाराल तर तो दिवस सगळ्यात हलका. लक्ष्य आधीच ठरलेलं असतं आणि आकडे दहा वेळा तपासून झालेले असतात. घाम निघतो तो आधीच्या आठवड्यात. दुसऱ्या सैन्याने दिलेला आकडा आपल्या तोफेवर चढवायचा, तर तो कोणत्या हिशेबातून आलाय हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो.

पुढचं सगळं १५५ मिमीच्या (हा नळीचा आतला व्यास) ओढून नेण्याच्या तोफांबद्दल आहे, त्यातही मुख्यतः एम-७७७ समोर ठेवून. ही तोफ अमेरिका, भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा बऱ्याच सैन्यांकडे असल्यामुळे संयुक्त सरावात ती वारंवार भेटते. वजन साधारण ४,२०० किलो, नळी ३९ कॅलिबरची, म्हणजे व्यासाच्या ३९ पट लांब, पूर्ण क्रू आठ जणांचा. माणसं कमी पडली तर पाच जणांतही ती चालते, पण मग गोळे वाहून वाहून कंबर मोडते.

पहिल्या दिवशी तोफेला कुणी हात लावत नाही. नकाशे, घड्याळं आणि मिल (कोन मोजायचं एकक) एवढाच विषय असतो. नाटोच्या पद्धतीत पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल धरतात, जुन्या सोव्हिएत पद्धतीत ६०००. सरावाला आलेल्या एखाद्या देशाकडे जुनी सोव्हिएत बनावटीची दुर्बीण किंवा तोफ असेल तर हा फरक आ वासून उभा राहतो. ६४०० च्या हिशेबात १०० मिल म्हणजे ५.६२५ अंश, ६००० च्या हिशेबात तेच बरोबर ६ अंश. फरक पाऊण अंशाचाही नाही, पण १० किलोमीटरवर गोळा ६५ मीटर बाजूला पडतो. चूक लहान असते म्हणूनच ती त्रास देते. गोळा शंभर मीटरच्या आत पडला की निरीक्षक (गोळा कुठे पडला ते लांबून बघणारा) ती वाऱ्याच्या माथी मारतो आणि दुरुस्ती देत बसतो.

नकाशाचा डेटम, म्हणजे निर्देशांक ज्या पायावर मोजतात तो, हे त्याच जातीचं दुखणं. युरोपात जुन्या ईडी-५० नकाशावरचा बिंदू आणि डब्ल्यूजीएस-८४ वरचा बिंदू यांत सहज दीड-दोनशे मीटरचं अंतर पडतं. जीपीएस यंत्र कोणत्या डेटमवर लावलंय हे सेटिंगमध्ये जाऊन डोळ्याने बघायचं, ‘लावलंय’ या तोंडी उत्तरावर थांबायचं नाही. चांगला उपाय असा की रेंजवर सर्वेक्षणाने पक्का केलेला एक बिंदू निवडायचा आणि प्रत्येक देशाच्या पथकाने आपल्या यंत्राने त्याचे निर्देशांक काढून एकाच फळ्यावर लिहायचे. ज्याचा आकडा दहा मीटरहून जास्त वेगळा, त्याचं यंत्र त्याच जागी तपासायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पुढचे दोन दिवस वाचतात.

घड्याळ सगळ्यांनी जीपीएसवरून लावायचं आणि वेळ झुलू, म्हणजे यूटीसीमध्येच बोलायची. ज्यांची स्थानिक वेळ यूटीसीपासून अर्ध्या तासाच्या फरकाने चालते त्यांच्याकडून इथे हमखास गोंधळ होतो, कारण डोक्यात तास मिळवताना अर्धा तास सुटतो.

मग माणसं. आपल्या तोफेवर कोण कुठे उभा राहतो हे प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेलं असतं, आणि मिश्र क्रूमध्ये तीच सवय आड येते. ब्रिटिश परंपरेतल्या तोफखान्यात ‘नंबर वन’ म्हणजे तोफेचा प्रमुख. अमेरिकी क्रूमध्ये प्रमुखाला सेक्शन चीफ म्हणतात आणि ‘नंबर वन’ असतो ब्रीचपाशी (नळीच्या मागच्या तोंडाशी) प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी कुपी, लावणारा गनर. कुणी ओरडलं, ‘नंबर वन, क्लिअर?’ तर दोन वेगळी माणसं उत्तर देतात. म्हणून मिश्र क्रूमध्ये आकडे टाकून कामाच्या नावाने हाक मारतात: प्रमुख, लेयर (नेम बसवणारा), एलिव्हेशन (नळीचा उंचीचा कोन), ब्रीच, रॅमर (गोळा नळीत ठोकून बसवणारा), चार्ज (गोळा फेकणारी दारू), फ्यूज (गोळा फोडणारी कळ). एम-७७७ वर डावीकडचा लेयर दिशा बसवतो आणि उजवीकडचा माणूस एलिव्हेशन. एकच लेयर दोन्ही कामं करतो अशा तोफेवरून आलेला गनर इथे हमखास दुसऱ्याच्या चाकाकडे हात नेतो. ते ड्राय ड्रिलमध्ये, म्हणजे जिवंत दारूगोळ्याशिवायच्या कवायतीत, मोडून काढावं लागतं.

ड्राय ड्रिलचा क्रम ठरलेला आहे. आधी यजमान क्रू पूर्ण ड्रिल करून दाखवतो आणि पाहुणे बाजूला उभे राहून बघतात. नंतर पाहुणे एकेक जागा घेतात, बाकी जागांवर यजमान. शेवटी सगळे पाहुणे आणि प्रत्येकाच्या खांद्यामागे यजमानांचा एक माणूस. डमी गोळ्याने सलग मिशन बिनचूक झाल्याशिवाय जिवंत दारूगोळा तोफेजवळ आणत नाहीत. वेग मोजायची घाई करू नये असं आमचं मत. स्टॉपवॉच बाहेर निघालं की क्रू तपासणीची पायरी खातो, आणि खाल्लेली पायरी दिसत नाही.

आता दारूगोळा. संयुक्त सरावात सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे.

‘१५५ म्हणजे १५५’ ही समजूत घेऊन बरेच जण येतात. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि इटली यांच्यातल्या बॅलिस्टिक्स करारामुळे नळीचा व्यास, चेंबरचा (नळीत चार्ज बसतो त्या जागेचा) आकार यांसारख्या गोष्टी जुळवून घेतल्या गेल्या. ५२ कॅलिबरच्या तोफेचं चेंबर २३ लिटरचं, हा त्यातलाच आकडा. तरी एका देशाचा गोळा, दुसऱ्याचा चार्ज आणि तिसऱ्याची तोफ ही जोडी आपोआप सुरक्षित ठरत नाही. तोफ, गोळा, चार्ज, फ्यूज आणि प्रायमर ही पूर्ण साखळी त्या तोफेसाठी मंजूर आहे का, हे कागदावर बघायचं. कागद नसेल तर तो गोळा परत गाडीत. यावर वाद घालायचा नाही, मग समोर कितीही मोठा अधिकारी उभा असो.

मॉड्यूलर चार्जचं, म्हणजे सारख्या मापाच्या तुकड्यांच्या चार्जचं, उदाहरण घ्या. ५२ कॅलिबरच्या तोफेत सहा मॉड्यूलपर्यंत जातात, ३९ कॅलिबरच्या तोफेत पाचाच्या वर जायचं नाही. सहाची सवय असलेला माणूस ३९ च्या तोफेवर चार्ज लावायला उभा राहिला तर हात आपोआप सहाव्याकडे जातो. तोंडी सूचनेवर विसंबू नये. तोफेजवळ पाचच मॉड्यूल मोजून ठेवायचे, डबा मागे. अमेरिकी मॅक्स पद्धतीत एम-२३१ आणि एम-२३२ असे दोन वेगळे मॉड्यूल आहेत. एम-२३१ एक किंवा दोन लावून कमी पल्ल्यासाठी, एम-२३२ तीन किंवा जास्त लावून लांबच्या पल्ल्यासाठी. दोन्ही एकत्र कधीच लावायचे नाहीत. डबे शेजारीशेजारी रचले की पहाटेच्या अंधारात नेमकं तेच होतं, म्हणून ते तोफेच्या दोन वेगळ्या बाजूंना ठेवतात.

पिशव्यांचा चार्ज असेल तर वेगळी काळजी. एम-३ए१ हिरव्या पिशव्यांचा, एम-४ए२ पांढऱ्या पिशव्यांचा. दोन्हींच्या बुडाशी इग्नायटरची (चार्ज पेटवणाऱ्या दारूची) लाल गादी शिवलेली असते आणि ती ब्रीचच्या दिशेला, म्हणजे प्रायमरसमोर यायला हवी. प्रायमरची ठिणगी तिथेच पडणार असते. अमेरिकी क्रूमध्ये चार्ज आत गेला की बघणारा माणूस मोठ्याने सांगतो की लाल दिसतंय. चेंबरच्या काळ्या तोंडात खरोखर लाल वर्तुळ दिसतं; ते दिसलं की मगच ब्रीच लावायचं. लाल न दिसता हिरवं किंवा पांढरं कापड दिसलं तर चार्ज उलटा गेलाय. तोफ उडालीच तर उशिरा किंवा वेडीवाकडी, आणि न उडाली तर पुढचा सगळा मिसफायरचा घोळ. मॅक्सचे मॉड्यूल दोन्ही बाजूंनी पेटतात, म्हणून त्यांना उलट-सुलट नसतं. मॉड्यूलवर वाढलेला क्रू पिशव्यांवर आला की लाल गादी बघायचं विसरतो, ते यामुळेच.

गोळ्यांकडे या. एम-१०७ चा गोळा साधारण ४३ किलोचा, आत सात किलोच्या आसपास स्फोटक. एम-७९५ साधारण ४७ किलोचा, आत ११ किलोच्या आसपास टीएनटी. दोन्ही १५५, दोन्ही एकाच नळीतून जातात, पण फायरिंग टेबल (पल्ल्याचे तक्ते) वेगळी. एका बॅटरीत (तोफांच्या तुकडीत) एक देश एक गोळा आणि दुसरा देश दुसरा टाकत असेल तर कमांड पोस्टने (तोफांचे आकडे काढणाऱ्या ठाण्याने) दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवायला हवेत. गोळ्याच्या अंगावर वजनाचे चौकोन छापलेले असतात. एम-१०७ चं प्रमाण वजन चार चौकोनांचं, आणि एक चौकोन म्हणजे साधारण अर्धा किलो. एकाच मिशनमध्ये तीन चौकोनांचा आणि पाच चौकोनांचा गोळा मिसळला तर पल्ला हलतो आणि दोष लेयरवर येतो. म्हणून गोळे गाडीतून उतरवतानाच चौकोन आणि लॉट नंबर पाहून वेगवेगळ्या रांगा लावायच्या. कुणाला हे काम आवडत नाही, पण नंतर गोळे विखुरण्याची निम्मी कारणं इथेच मिटतात.

फ्यूज बसवताना गोळ्याच्या तोंडातला उचलण्याचा प्लग काढायचा, आटे स्वच्छ आहेत ना बघायचं, फ्यूज हाताने पूर्ण फिरवायचा आणि शेवटी पान्याने आवळायचा. फ्यूजचं बूड आणि गोळ्याचा खांदा यांत फट राहता कामा नये. बोटाचं नख फिरवून बघतात. नख अडकलं तर गोळा बाजूला. खोल पोकळीच्या गोळ्यात तोंडाशी स्फोटकाचा एक जादा चार्ज असतो. आपटून फुटणाऱ्या साध्या फ्यूजबरोबर तो आतच ठेवायचा. लांब बुडाचा प्रॉक्सिमिटी फ्यूज लावायचा असेल तर तो काढावा लागतो, नाहीतर फ्यूज बसतच नाही. अशा वेळी कुणीतरी पान्याला जोर लावायला लागतो. जोर लावावा लागतोय हीच थांबायची खूण.

तांब्याच्या फिरत्या पट्टीवरचं संरक्षक कडं काढायला विसरणं हीसुद्धा नेहमीची गोष्ट. पट्टीला खोक पडली असेल तर गोळा नळीत नीट पकडत नाही. कडं काढल्यावर पट्टीवरून हात फिरवायचा, मग गोळा ट्रेवर.

तोफ दिशेवर लावण्याचं काम जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी करून घ्यावं. डिजिटल तोफेवर जायरो आणि जीपीएस सगळं सांगतात. ते चालतं तोवर छान, पण सरावात एक दिवस मुद्दाम बंद ठेवायचे. मग डायरेक्टर (होकायंत्राची सुई असलेलं, दिशेचे कोन मोजायचं यंत्र) काढायचा. डायरेक्टरचा चुंबकीय फरक नव्या भागात पुन्हा काढावा लागतो. अमेरिकी नियम असा की सुमारे ४० किलोमीटरपेक्षा लांब गेल्यास किंवा ३० दिवस उलटल्यास तो नव्याने काढायचा. दुसऱ्या देशात विमानाने आलेल्या बॅटरीने पेटी उघडून जुन्याच आकड्यावर काम सुरू केलं तर सगळ्या तोफा सारख्याच चुकतात, आणि सारख्या चुकलेल्या तोफा एकमेकींशी छान जुळलेल्या दिसतात. गाडी, हेल्मेट, रायफल या वस्तू डायरेक्टरपासून लांब. सुई ओढली जाते.

डायरेक्टरवरून तोफेच्या डायल साइटला (नेमाच्या दुर्बिणीला) आकडा द्यायचा, तोफेने तो बसवून उलट वाचायचा, आणि फरक शून्य येईपर्यंत हे चालू ठेवायचं. मग नेमाची खूण म्हणून कोलिमेटर (प्रकाशीय यंत्र) लावायचा आणि एमिंग पोस्ट (खांब) रोवायच्या. यानंतर दुसऱ्या यंत्राने, दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासणी करायची. शेवटी साधा होकायंत्र घेऊन प्रमुख नळीच्या मागे उभा राहतो आणि नळी ढोबळ मानाने बरोबर दिशेला आहे का बघतो. हे बालिश वाटतं, पण ३२०० मिलची चूक, म्हणजे नळी थेट उलट्या दिशेला, याच तपासणीत सापडते.

इथे मिश्र क्रूसाठी अजून एक खड्डा आहे. काही सैन्यं तोफ बेअरिंगवर (उत्तरेपासून मोजलेल्या दिशेवर) लावतात. उजवीकडे गेलं की आकडा वाढतो. अमेरिकी पद्धतीत तोफेला डिफ्लेक्शन देतात, आणि त्यात डावीकडे गेलं की आकडा वाढतो, उजवीकडे गेलं की कमी होतो. बेअरिंगवर वाढलेला लेयर ‘उजवीकडे २०’ ऐकून आकडा वाढवतो आणि नळी डावीकडे नेतो. दोन गोळ्यांनंतर निरीक्षक ओरडतो की गोळे लक्ष्यापासून लांबच जातायत. उपाय म्हणजे तोफेला दुरुस्ती द्यायचीच नाही, पूर्ण नवा आकडाच द्यायचा. मिळवणी-वजाबाकी कमांड पोस्टमध्ये.

नळीमुखाचा वेग प्रत्येक तोफेचा वेगळा. नळी झिजली की तो घटतो. मधल्या पल्ल्यावर सेकंदाला एक मीटरचा फरक पडला की गोळा साधारण वीसेक मीटर पुढे-मागे होतो. त्यामुळे सरावाच्या सुरुवातीला प्रत्येक तोफेवर रडार लावून, एकाच लॉटचा चार्ज वापरून वेग मोजतात. पहिला गोळा नळी तापवण्यात जातो, त्याचा आकडा धरत नाहीत. चार्जचं तापमानही रोज नोंदवायचं. टेबलं २१ अंश सेल्सिअस धरून बनवलेली असतात. उन्हात तापलेला डबा आणि सावलीतला डबा यांच्यातला फरक गोळ्यावर दिसतो, म्हणून सगळ्या तोफांचे चार्ज एकसारखे झाकायचे आणि थर्मामीटर डब्यांच्या मध्यभागी ठेवायचा, वरच्या डब्यात नाही.

हवामानाचा संदेश फुग्याने मिळतो आणि तो सगळ्यांना एकच द्यायचा. एका देशाने आपला फुगा आणि दुसऱ्याने आपला अंदाज वापरला तर तुलनाच होत नाही. दोन तासांहून जुना संदेश असेल तर त्यावर बारकाईने हिशेब करण्यात अर्थ नाही, विशेषतः सूर्य वर चढताना.

आता निरीक्षक आणि कमांड पोस्ट. युरोपात ग्राफेनव्यूर इथे डायनॅमिक फ्रंट नावाचा सराव यासाठीच भरवला गेला: वेगवेगळ्या देशांच्या अग्निनियंत्रण प्रणालींनी एकमेकांशी थेट बोलावं. अमेरिकेची अफाट्‌ड्स, जर्मनीची आडलर, फ्रान्सची अॅटलस या प्रणाली आस्का नावाच्या मानकातून संदेश देवाणघेवाण करतात. जोडणी लागली की एका देशाच्या निरीक्षकाची मागणी काही सेकंदांत दुसऱ्या देशाच्या तोफेपर्यंत जाते. जोडणी लागेपर्यंतची रडकथा मात्र प्रत्येक सरावात नव्याने सुरू होते: पत्ते जुळत नाहीत, आवृत्ती वेगळी निघते, एन्क्रिप्शनची किल्ली वेळेवर येत नाही. यासाठी पूर्ण दोन दिवस राखून ठेवावेत, आणि ते दारूगोळा तोफेवर येण्याआधी.

तरीही आमच्या मते आवाजावर चालणारी पद्धत जास्त घोटवून घ्यायला हवी. मागणी तीन टप्प्यांत जाते: निरीक्षक कोण आणि कोणत्या प्रकारचं मिशन; लक्ष्य कुठे; लक्ष्य काय, त्यावर कसा मारा हवा आणि नियंत्रण कुणाचं. प्रत्येक टप्पा कमांड पोस्ट परत वाचून दाखवते. आकडे एकेक करून बोलायचे. ‘रिपीट’ हा शब्द रेडिओवर ऐकू आलं नाही म्हणून कधी वापरू नये. तोफखान्यात त्याचा अर्थ तेवढेच गोळे पुन्हा टाका असा होतो. ऐकू आलं नसेल तर ‘से अगेन’. इंग्रजी रोज न वापरणाऱ्या पथकांना हे पहिल्याच दिवशी पाठ करायला लावायचं.

निरीक्षकाचा हिशेब सगळीकडे जवळपास सारखाच. दुर्बिणीतून गोळा लक्ष्याच्या डावीकडे ३० मिल दिसला आणि अंतर अडीच किलोमीटर असेल, तर ३० गुणिले २.५ म्हणजे उजवीकडे ७५ मीटर. पल्ल्यासाठी एक गोळा पुढे, एक मागे असं पकडून ४००, २००, १०० असं अंतर निम्मं करत आणायचं. १०० मीटरच्या कचाट्यात लक्ष्य आलं की ५० ची दुरुस्ती आणि पूर्ण मारा. आपलीच माणसं लक्ष्याच्या ६०० मीटरच्या आत असतील तर अमेरिकी पद्धतीत ते ‘डेंजर क्लोज’ ठरतं आणि गोळा सावकाश, छोट्या पावलांनी आणतात.

तोफेवर येणाऱ्या फायर ऑर्डरमध्ये शेवटचा आकडा एलिव्हेशनचा. अमेरिकी पद्धतीत, आधी काही अट घातली नसेल, तर तो आकडा म्हणजेच भरा आणि मारा अशी परवानगी. बाकीच्यांची तशी सवय असेलच असं नाही. म्हणून मिश्र बॅटरीत प्रत्येक मिशन ‘अॅट माय कमांड’ या अटीवरच सुरू करायचं. थोडा वेळ जातो. जाऊ द्यावा.

रेंजची सुरक्षा यजमान देशाची, आणि दोन नियम टकरावले तर कडक असेल तो लागू. प्रत्येक तोफेच्या प्रमुखाकडे एक चिठ्ठी असते: डावी हद्द, उजवी हद्द, कमीत कमी आणि जास्तीत जास्त एलिव्हेशन, टाइम फ्यूजसाठी किमान वेळ, चार्ज. ऑर्डरमधला आकडा त्या हद्दीत बसतो का हे त्याने स्वतः वाचून बघायचं. कमांड पोस्टने बघितलंय म्हणून सोडायचं नाही. किमान एलिव्हेशन काढताना समोरच्या टेकडीचा कोन तोफेवरूनच मोजायचा, नकाशावरून नाही. नकाशावर झाडं नसतात. त्याच रेंजवर हेलिकॉप्टरं उडत असतील तर गोळ्याच्या वाटेची सर्वोच्च उंची हवाई नियंत्रकाला प्रत्येक मिशनआधी द्यावी लागते. ‘चेक फायरिंग’ कुणीही ओरडू शकतो, शिपाईसुद्धा, कोणत्याही देशाचा. तोफांच्या आवाजात शब्द विरतो, म्हणून हाताची खूण ठरवून सगळ्यांकडून करून घ्यायची.

पहिला गोळा लांब लॅनयार्डने (तोफ उडवायच्या दोरीने). तोफेचे मागचे फाळ जमिनीत पूर्ण रुतलेले नसतात. एम-७७७ हलकी असल्यामुळे ती पहिल्या एक-दोन गोळ्यांना चांगलीच सरकते. मऊ जमीन असेल तर फाळांमागे आधीच खणून ठेवायचं. कडक किंवा गोठलेल्या जमिनीत फाळ धरतच नाहीत, मग कुदळीने खाचा पाडाव्या लागतात. हे गोळे तोफ बसवण्यासाठीच असतात. त्यांच्यावरून निरीक्षकाने दुरुस्ती देऊ नये. बसल्यावर कोलिमेटरवर पुन्हा जुळवणी. नंतरही प्रत्येक गोळ्यानंतर लेयरने डोळा लावायचाच.

रॅमिंगचा ठोका एकसारखा आणि जोराचा हवा. पट्टी नळीच्या आट्यांत रुतली की धातूचा भरीव आवाज येतो. पोकळ आवाज आला तर गोळा अर्धवट अडकलाय, आणि नळी वर केली की तो घसरून चार्जवर येऊ शकतो. अशा गोळ्याचा पल्ला कमी पडतो, कधी त्याहून वाईट होतं. दमलेला क्रू रॅमिंग हलकं करतो, त्यामुळे रॅमरवरची माणसं ठरावीक गोळ्यांनंतर बदलायची. पिशव्यांचा किंवा मॉड्यूलचा चार्ज असेल तर प्रत्येक गोळ्यानंतर चेंबर ओल्या बोळ्याने पुसायचं, नळीत डोकावून रिकामी असल्याची हाळी द्यायची, मगच पुढचा गोळा. आत धुमसणारा कापडाचा तुकडा राहिला तर पुढचा चार्ज हातातच पेटेल.

तोफ उडाली नाही तर पहिल्यांदा सगळ्यांनी रिकॉइलच्या (नळी झटक्याने मागे येते त्या) वाटेतून बाहेर, नळी लक्ष्याच्या दिशेलाच, ब्रीच बंद. प्रायमरचा आवाज आला होता का हे ब्रीचवाल्याने तिथेच सांगायचं; पुढचं सगळं त्यावर ठरतं. किती मिनिटं थांबायचं, किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, हे तोफेगणिक वेगळं आहे आणि नळी थंड की तापलेली यावर बदलतं. तापलेल्या नळीत गोळा पडून राहिला तर तो आपोआप पेटण्याचा धोका असतो. एम-७७७ वर नळीचं तापमान दाखवणारं उपकरण त्यासाठीच आहे. मिश्र क्रूमध्ये मिसफायर झाला की पाहुणे बाजूला होतात आणि तोफेचा मूळ क्रू ताबा घेतो, हे आधीच ठरवून ठेवावं. अशा वेळी दोन देशांची दोन पुस्तकं उघडून बसण्यात हशील नाही.

एकाच क्षणी गोळे पडायला हवे असतील तर घड्याळाचा हिशेब. समजा लक्ष्यावर वेळ ठरली १४:३०:००. एका बॅटरीचा उड्डाणकाळ ४१ सेकंद, दुसरीचा ३४. पहिली १४:२९:१९ ला उडवणार, दुसरी १४:२९:२६ ला. सोपं दिसतं. पण लॅनयार्ड ओढायला हुकूम ऐकून अर्धा-एक सेकंद जातो, आणि हुकूम दुभाष्यामार्फत येत असेल तर विचारायलाच नको. म्हणून मोजणी तोफेवरच, प्रमुखाच्या तोंडून, त्याच्याच भाषेत.

गोळाबार संपल्यावर प्रत्येक गोळा चार्जसकट तोफेच्या नोंदवहीत चढवतात, कारण नळीचं उरलेलं आयुष्य त्यावर मोजलं जातं. पाहुण्या क्रूने मारलेले गोळेही तोफ ज्यांची त्यांच्याच वहीत. मोठ्या चार्जचे दिवसाला किती गोळे एका माणसाच्या कानांनी आणि छातीने सोसावेत यालाही मर्यादा असतात. दोन्ही कानांत बोळे आणि वर मफ असूनही. ती नोंद माणसाच्या नावावर ठेवायची, तोफेच्या नाही. दिवसभरात तीन तोफांवर फिरलेल्या पाहुण्याची बेरीज नाहीतर कुणीच करत नाही.

उरलेल्या पिशव्या जाळायच्या तर ढीग न घालता जमिनीवर लांब, पातळ पट्टा करायचा, तो वाऱ्याच्या दिशेविरुद्ध जळत जाईल असा पेटवायचा, आणि आधी जाळलेल्या गरम जागेवर दुसरा पट्टा घालायचा नाही. मॉड्यूल परत डब्यात जातात, तेवढी कटकट कमी. मग फ्यूज आणि प्रायमर मोजायचे. गोळे मोठे असतात, ते हरवत नाहीत. प्रायमर खिशात जातात. प्रत्येक देशाच्या पथकाचे खिसे रिकामे करून, आकडा जुळवून, दोन्हीकडच्या सह्या झाल्यावरच गाड्या रेंजबाहेर सोडायच्या.